कडूबाईचा आकार

कडूबाईचं नाव तिच्या आजीनं ठेवलं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, तेव्हा हिला कुणाची दृष्ट लागू नये, देवानंही हिच्याकडं ढुंकून बघू नये, म्हणून बारशाला म्हातारीनं हे नाव काढलं. देवानं म्हातारीचा शब्दन् शब्द ऐकला बरं का. पोरगी जगली, आणि पुढं त्यानं तिच्याकडं खरोखरच ढुंकून बघितलं नाही. मिरजगावच्या शिवाराच्या टोकाला एका वस्तीवर भिमाजीच्या घरी ती सून म्हणून आली, आणि आली त्या दिवसापासून कामाला जी जुंपली ती जुंपलीच. एक तेवढं तिला नजरचुकीनं मिळून गेलं होतं. गळा.

बहात्तरच्या दुष्काळात घराची पांगापांग झाली. नवरा बन्सी बैलगाडी घेऊन श्रीरामपूरकडं ऊसतोडीला गेला. सासरा भिमाजी उरलेली गाय घेऊन गुरांच्या छावणीवर राहिला, अधूनमधून घरी चक्कर मारायचा. सासू साळूबाईचे गुडघे धरलेले, ती घरी बसून लेकरं राखायची. आणि कडूबाई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची.

सांगायला हे काम सोपं. खाली पाटी भरून घ्यायची, चढ चढायचा, भरावावर ओतायची, उतरायचं, परत भरून घ्यायची. करायला लागलं की कळतं. संध्याकाळी मान इकडची तिकडं होत नाही. पाणी प्यायला तोंड वर करावं तर डोळ्यांपुढं काजवे. घरी येऊन ती रेशनवरच्या तांबड्या मिलो जोंधळ्याची भाकरी थापायची, जी गरम असताना जेमतेम खाववते आणि गार झाली की दगड. लेकरं जेवली की कडूबाई भिंतीला टेकायची, आणि टेकली की तिथंच झोप. कूस बदलायला मेलीला ताकद नसायची.

पण कामावर तिला गायला लावायच्या बाया. "कडे, म्हन की गं," म्हणून रतनबाई मागं लागायची. ही रतनबाई शेजारच्या वस्तीवरची, जिभेची तिखट आणि मनानं मऊ. मग कडूबाई चढ चढता चढता काहीतरी जुळवून म्हणायची,

"पाटी गं मातीची, चढ चढते दमानं,
उद्याच्या पान्याला वाट दिली गं घामानं."

मागच्या बाया उचलून धरायच्या. पाट्या जरा बऱ्या चालायच्या. मुकादमही तेवढ्यापुरता ओरडायचा थांबायचा.

कामावर मजुरांना सरकारी सुकडीचा खाऊ वाटायची देखरेख गावातल्या मुलींच्या शाळेतल्या पुष्पावतीबाईंकडं होती. बाई मूळच्या नगरच्या, माहेर सावेडीकडचं, नोकरीसाठी मिरजगावात खोली घेऊन एकट्या राहायच्या. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, खोलीत स्वतःची बाजाची पेटी. त्यांनी एका दुपारी कडूबाईचं गाणं ऐकलं आणि सुकडीचं डबडं हातात तसंच धरून त्या चढाच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही आधी तोंडातलं काढा," त्या म्हणाल्या.

कडूबाई घाबरली. "म्या तंबाखू खात न्हाई वो."

"तंबाखू नाही. पदर."

खरंच की. पदराचा काठ तिच्या डाव्या दाढेखाली होता. त्यात नवल कसलं? दोन्ही हात पाटीला, वारा सुटलेला, डोक्यावरचा पदर तर ढळता कामा नये. मग धरायचा कशानं? तिथल्या सगळ्याच बायांच्या दातांत पदर होता. जात्यावर बसली तरी कडूबाई असंच करायची, कारण भिंतीपल्याड सासरा निजलेला. लग्न होऊन आल्यापासून ती दात न उघडता गात आली होती, आणि गाणं असंच गातात असं तिला वाटायचं.

तिनं पदर सोडला. बाई म्हणाल्या, आता नुसतं आ म्हणा. तिनं भीत भीत तोंड उघडलं, आणि जो काही आवाज निघाला तो ऐकून ती स्वतःच दचकली. मागं वळून बघितलं तिनं, दुसरं कोण गायलं म्हणून! रतनबाई पाटी खाली ठेवून म्हणाली, "आगं बया बया, हे कुठं दडवलं हुतंस?"

बाईंनी मग तिला बाजूला घेऊन सांगितलं. नगरला एका सरकारी कलापथकात गाणाऱ्या बाया हव्या होत्या. गावोगाव जायचं, लोकांना समजतील अशी गाणी म्हणायची. गाडीनं नेतील, गाडीनं आणतील. पगार महिन्याच्या महिन्याला. संक्रांतीनंतर निवड होती.

"उभं राहून म्हनायचं का?" कडूबाईनं विचारलं.

"नाही. बसून. पेटीशेजारी सतरंजीवर."

बाकी सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. तेवढं एक मनात राहिलं, बसून. डोक्यावर काही नाही आणि बसून. त्या दिवशी राहिलेल्या सगळ्या पाट्या तिनं त्या एका शब्दावर वाहिल्या.

घरी विषय काढायचा म्हणजे वाघाच्या गुहेत शिरायचं. साळूबाईनं ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. "आता तमासगिरीन व्हायची ऱ्हायली हुतीस व्हय? भाऊबंद तोंडात शेन घालतील आमच्या!" नेमका भिमाजी त्या दिवशी छावणीवरून आला होता. तो ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. कडूबाई आत दाराआड. सासरा सुनेशी थेट बोलायचा नाही, ती रीतच नव्हती. सांगायचं असलं तर सासूच्या नावानं सांगायचा.

"आगं, तिला म्हनावं, जा," भिमाजी म्हणाला. "मी पहाटं भिताडापल्याड पडून ऐकतो तिचं. गुरासारखी राबती पोरगी. बसून खायला मिळत आसंल तर मिळू दी. सरकारदरबारचं काम हाय, त्यात कसली आलीय लाज? आन् निवडीला मी सोता जाईन संगं. मग कोन काय बोलतंय ते बघू."

दाराआड कडूबाईच्या डोळ्यांना धार लागली. बापानं लग्न लावून दिल्यावर तिच्या बाजूनं एवढं कुणी बोललं नव्हतं. असा सासरा मिळायला नशीब लागतं, आणि हे मी टोमण्यानं म्हणत नाही.

तेव्हापासून काम सुटलं की ती पुष्पावतीबाईंच्या खोलीवर जायला लागली. बाईंची शिकवण्याची रीत साधी होती. गाणंबिणं काही नाही, नुसती बाराखडीतली अक्षरं. भिंतीवरच्या आरशापुढं उभं राहायचं आणि एकच सूर धरून आ, ई, ऊ, ए, ओ.

"आ म्हणताना जबडा खाली सोड. दोन बोटं बसली पाहिजेत दातांत," बाई म्हणायच्या. आता त्या तिला अगं-तुगं करायला लागल्या होत्या. "घाबरू नकोस, जबडा गळून पडत नाही."

आ तसा लवकर आला. ई नं मात्र जीव खाल्ला. ई म्हटलं की ओठ ताणले जायचे, गालावर हसू यायचं आणि आवाज पातळ होऊन नाकात शिरायचा. "बाहेरून ई, पण आत आ एवढीच जागा ठेव," बाई सांगायच्या. आत म्हणजे कुठं, हे कडूबाईला कळेना. बाईंनी तिला जांभई द्यायला लावली. जांभई काय, मागायचा अवकाश! दिवसभर माती वाहिलेलं माणूस ते, एक मागितली तर तीनचार आल्या. पण त्या जांभईत टाळू कशी वर उचलली जाते ते तिला समजलं, आणि ती जागा धरून तिनं ई लावला तेव्हा पहिल्यांदा तो गोल, भरलेला आला. ऊ तर तिला घरचाच होता. चुलीत फुंकणीनं फुंकताना ओठ जसे होतात, तसेच करायचे.

मग कामावरही तेच. पाटी घेऊन वर जाताना आ, उतरताना ई. पदर डोक्यावरून मागं नेऊन तिनं मानेशी गाठ मारून टाकली. बायांना चेष्टेला विषय मिळाला. "कडे, तोंड मिटव गं, माशी जाईल," कुणी म्हणायची. रतनबाई म्हणायची, "तिला दातवाल्या डागदराकडं जायचंय, म्हनून ऱ्हातीय तयारीत." धूळ तोंडात जायची, दातांखाली करकरायची, ठसका लागायचा. कडूबाई थुंकायची आणि परत आ करायची.

थकवा कुठं जातोय? उलट दुप्पट झाला. एकदा आरशापुढं ऊ धरून उभी असताना ती तशीच डुलकी लागून भिंतीवर आदळली. बाईंनी तिला बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आज राहू दे." कडूबाई म्हणाली, "न्हाई बाई. आजचं ऱ्हायलं की उद्या परत माती." बाई पेटीशी बसल्या. पेटीवर पुन्हा सूर धरला.

महिना सरला तोवर तिचा आवाज असा मोकळा झाला होता की खोलीबाहेर रस्त्यावरची माणसं थबकायची. बाई खूश. "तुला घेणार. लिहून ठेव," त्या म्हणाल्या. कडूबाईला कुठलं लिहायला येतंय! पण तिनं मनात धरलं. चढ चढताना ती आता पाय मोजत नव्हती, हे थोडेच दिवस आता, असं स्वतःला सांगत होती.

निवडीच्या दिवशी शाळेत तपासणी निघाली, बाईंना सुटता येईना. त्यांनी सगळं पढवून ठेवलं होतं. साहेबांकडं बघू नकोस, भिंतीवर एक जागा धर. पेटीवाला वरची पट्टी देईल, तू खालची माग. आधी जांभई दे. सगळं सांगितलं. एक सांगायचं राहिलं, कारण नगरच्या बाईच्या डोक्यात ते येणारच नव्हतं.

साळूबाई कुरकुरत, लेकरं बरोबर घेऊन, गुडघे धरत सुनेच्या जागी कामावर गेली, म्हणजे हजेरी बुडायला नको. आणि भिमाजी धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला नवं मुंडासं बांधून सुनेच्या पुढं दहा पावलं चालत एस.टी.च्या थांब्यावर आला. गाडीत तो पुढच्या बाकावर, ती मागच्या. नगर येईपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही, पण खिडकीतून ऊन यायला लागलं तेव्हा तिच्या बाजूची ताडपत्री कंडक्टरला सांगून खाली ओढून घेतली.

कचेरीतली खोली साधीच होती. टेबलामागं एक साहेब, शेजारी चष्म्यातली एक बाई, खाली सतरंजीवर पेटीवाला. शिपाई भिमाजीला म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहेर बाकड्यावर बसलात तरी चालेल."

"आसं कसं?" भिमाजी म्हणाला. "पोरगी कधी नगरला आली न्हाई. एकलीला सोडू व्हय? घाबरंल ती." आणि आत येऊन, पायताणं दाराशी काढून, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला.

कडूबाई सतरंजीवर बसली. साहेब, चष्म्यातली बाई, पेटीवाला, ही सगळी परकी माणसं. त्यांची तिला भीती वाटली नाही. बघेनात का! उद्या गावोगाव शेकडो माणसं बघणारच होती. पण कोपऱ्यात मामंजी होते.

आजवर ती त्यांच्यापुढं कधी दात दिसतील अशी हसली नव्हती. त्यांच्यादेखत जेवली नव्हती. त्यांनी हाक मारली तर दाराआडून ओ द्यायची. त्या माणसासमोर जबडा सोडायचा, दोन बोटं बसतील एवढं तोंड वासायचं आणि टाळू दाखवायची?

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? सांगायचं की सरळ, मामंजी, जरा बाहेर बसा. म्हणणाऱ्यानं एकदा सून होऊन बघावं. ज्या माणसानं सगळ्या घराशी वाकडं घेऊन इथवर आणलं, त्याला चार परक्यांसमोर ऊठ म्हणायचं? तिची जीभ झडली असती.

पेटीवाल्यानं सूर दिला. "नुसता आ लावा बाई आधी," साहेब म्हणाले.

तिनं भिंतीवर जागा धरली. श्वास घेतला. तोंड उघडायला गेली, आणि हात आपसूक वर गेला, पदर ओढला गेला. आ निघाला तो दातांमागून. नाकातला, दबलेला, जुना.

"मोकळं म्हणा," चष्म्यातली बाई मायेनं म्हणाली. पेटीवाल्यानं न मागता पट्टी खाली घेतली. कडूबाईनं थोडं अंग चोरून भिंतीकडं तोंड केलं. "इकडं तोंड करा, ऐकू येत नाही," साहेब म्हणाले. तिनं परत तोंड केलं. पुन्हा प्रयत्न केला. जबडा जरा सुटला, आवाज उघडायला लागला, खोली भरेल असं वाटलं, तेवढ्यात कोपऱ्यातून भिमाजी कळवळून म्हणाला,

"म्हन पोरी, म्हन! भिऊ नगंस. मी हाय हितं."

झालं. होतं नव्हतं ते तोंड मिटलं.

तिनं पाटीचं गाणंही म्हटलं. सुरात म्हटलं, शब्द चुकली नाही. पण खोलीच्या दारापलीकडं ते गेलं नसेल. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "गळा सुरेल आहे बाई, नाही म्हणत नाही. पण उघड्यावर, शेतकऱ्यांच्या गर्दीत गायचंय. आवाज फार दबतोय. पुढच्या साली पुन्हा निवड होईल, तेव्हा तयारी करून या."

कडूबाईनं हात जोडले. तयारी! तिला रडूसुद्धा आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं. महिनाभराची सगळी झोप, सगळी मान, सगळे गुडघे एकदम तिच्यावर येऊन पडले आणि बाहेरच्या पायऱ्या उतरताना तिला कठड्याला धरावं लागलं.

स्टँडवर गाडीला वेळ होता. भिमाजीनं दोन कप चहा आणला, एक तिच्यापुढं बाकावर ठेवला, आणि आपला कप घेऊन तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. सासऱ्यासमोर सून खात-पीत नाही, हे तो कसा विसरेल? तिनं निवांत प्यावं म्हणून म्हातारा उन्हात उभा, समोरच्या गाड्या बघत. खाण्यापिण्याची रीत त्याला वाडवडलांनी घालून दिली होती. गाण्याची कुणी घातलीच नव्हती, तर बिचाऱ्याला सुचावी कशी?

त्याची पाठ बघता बघता कडूबाईला वाटलं, आता सांगावं. पाठीला सांगता येईल. तोंडाला नाही येणार, पण पाठीला येईल. नुसतं एवढंच, की मामंजी, तुमी बाहीर बसला असता तर. तिनं कप खाली ठेवला. तोंड उघडलं, आणि काय गंमत बघा, आता अगदी नीट उघडलं.

"मामंजी."

"काय गं?" भिमाजी वळला. जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी ती आपण होऊन बोलली होती, म्हणून चेहरा असा खुललेला.

"काय न्हाई," ती म्हणाली. "च्या ग्वाड हाय."

"हाय का? बरं झालं." त्यानं परत पाठ केली. जरा वेळानं, गाड्यांकडं बघतच तो बोलायला लागला. सासू मध्ये नव्हती, तेव्हा आज त्याला थेट बोलणं भाग होतं, आणि ते त्याला जड जात होतं. "पोरी, मनाला लावून घिऊ नगंस. आज माझंच चुकलं."

कडूबाईनं मान वर केली. कळलं, तिला वाटलं. यांना कळलं.

"मी पार कोपऱ्यात जाऊन बसलो," भिमाजी म्हणाला. "तुला वाटलं आसंल, आपल्या बाजूचं हितं कुनीच न्हाई. म्हनून दबला आवाज. लई जीवाला लागलंय माझ्या. पर पुढल्या साली आसं हुयाचं न्हाई. मी अगदी तुझ्या म्होरंच बसतो. समोरासमोर. मग बघू कसा आवाज फुटत न्हाई ते!"

"व्हय मामंजी," कडूबाई म्हणाली.

तेवढ्यात मिरजगावची गाडी लागली, आणि म्हातारा तिच्यासाठी जागा धरायला मुंडासं सांभाळत धावला.